निवडलेले कुळीथ

शिमगा झाला की आत्याकडून कुळीथ यायचे. कणकवलीजवळच्या आमच्या गावात भात कापून झालं की त्याच ओलीवर कुळीथ पेरतात. आत्या ते मांजरपाटाच्या पिशवीत भरायची, तोंड सुतळीनं शिवायची आणि मुंबईच्या एस.टी.त कुणा ओळखीच्या माणसाच्या हवाली करायची. लालबागच्या आमच्या खोलीत आई ती पिशवी उसवत असे आणि मावशी सूप घेऊन निवडायला बसत असे. खडा, काडी, किडका दाणा बाजूला. मग एक मूठ चांगले टपोरे दाणे ती वेगळे काढायची आणि कागदाच्या पुडीत बांधून पर्समध्ये ठेवायची.

"ही पिठीची नव्हेत हं," ती आईला सांगायची, "ही माझ्या कामाची."

मावशी परळला रक्तगटांच्या प्रयोगशाळेत होती. बी.एस्सी. होऊन 1959 साली ती कामाला लागली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाली, तोपर्यंत तिनं दुसरं काहीच केलं नाही. माणसांच्या तांबड्या पेशी धुतल्या, बघितल्या, नोंदवल्या. पस्तीस वर्षं. तिच्याकडून आणि आत्याकडून लहानपणापासून जे ऐकत आले, ते दोन वेगळ्या गोष्टींसारखं ऐकलं. ती एकच गोष्ट आहे हे कळायला मला बारा वर्षांची व्हावं लागलं.

कुळथाचं आधी सांगते. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, रक्तसंक्रमणाच्या विभागात, डॉ. जी. डब्ल्यू. जी. बर्ड नावाचे लष्करी डॉक्टर होते. वेगवेगळ्या बियांचा अर्क काढून तो माणसाच्या रक्तावर घालून बघण्याचं काम तेव्हा जगात काही ठिकाणी चाललं होतं. बर्ड यांनी आपल्याकडच्या बिया घेतल्या. 1951 साली त्यांनी छापून सांगितलं की कुळथाचा अर्क ए गटाच्या पेशी बरोबर ओळखतो आणि त्यांना एकत्र चिकटवतो. पुढे हेही स्पष्ट झालं की ए गटातही तो भेद करतो. ए-वन पेशी तो झटकन गोळा करतो, ए-टू ना सोडून देतो. आजही जगभरच्या रक्तपेढ्यांत हा भेद करायला कुळीथच वापरतात. बियांमधल्या अशा पदार्थांना 1954 मध्ये बॉइड या अमेरिकी शास्त्रज्ञानं ‘लेक्टिन’ असं नाव दिलं. ते ‘निवडणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून घेतलं आहे. मावशीला हे फार आवडायचं. सुपातले दाणे पुढेमागे करत ती म्हणायची, "मी कुळीथ निवडते, कुळीथ पेशी निवडतो."

आता आत्याचं. 1971 च्या पावसाळ्यात तिचं तिसरं बाळंतपण झालं. मूल नीट जन्मलं, पण रक्त थांबेना. तालुक्याच्या एका दवाखान्यात तिला खाटेवर घालून नेलं. तिथं बोटातून रक्त घेऊन ओ गट असल्याचं सांगितलं, आणि शेजारच्या वाडीतला एक धडधाकट गडी ओ गटाचा निघाला म्हणून त्याची बाटली तिला लावली. ओ ला ओ. यात चुकण्यासारखं काही आहे असं तिथं कुणालाही वाटलं नाही. देणाऱ्याच्या पेशी आणि घेणारीचं सीरम एका नळीत घालून बघायची पायरी मात्र त्या घाईत राहून गेली.

आत्या हा प्रसंग नेहमी एकाच पद्धतीनं सांगायची. कपातला चहा थांबवून, उजवा हात कमरेच्या मागं नेऊन. "बाटली चार बोटा उतारली नाय, तितक्यात माझ्या पाठीत कळ इली. मगे थंडी भरली. अशी थंडी, की खाट वाजाक लागली." तिथल्या परिचारिकेनं, देव तिचं भलं करो, विचारत न बसता नळी बंद केली. दुसऱ्या दिवशी आत्याची लघवी काळसर लाल झाली. तिच्याच रक्तातली प्रतिपिंडं त्या गड्याच्या पेशींवर तुटून पडली होती आणि फुटलेल्या पेशींचा रंग मूत्रपिंडातून बाहेर पडत होता. पंधरा दिवस ती जीवन-मरणाच्या मध्ये होती. दुसरी बाटली लावायचं धाडस कुणी केलं नाही, आणि त्यामुळेच ती वाचली. लोहाच्या गोळ्या, गूळ आणि नाचणीची पेज यांवर ती हळूहळू उठली.

दिवाळीनंतर ती मुंबईला आली तेव्हा मावशीनं तिची हकिकत दोनदा सांगायला लावली. पाठीतली कळ कधी, थंडी कधी, लघवी कधी. मग म्हणाली, "ताई, उद्या माझ्याबरोबर परळला चला."

मावशीला जे सुचलं ते का सुचलं, हे सांगायचं तर 1952 सालाकडे जावं लागतं. मावशी तेव्हा शाळेत होती. तिनं ती हकिकत आपल्या वरिष्ठांकडून ऐकली होती, इतक्या वेळा की स्वतः तिथं हजर असल्यासारखी ती सांगायची.

परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात डॉ. वाय. एम. भेंडे पॅथॉलॉजीत काम करत होते. त्यांच्यासमोर असं रक्त आलं, की पेशी तपासल्या तर ओ गट, पण त्याच माणसाचं सीरम ओ गटाच्या पेशींनाही चिकटवत होतं. कार्ल लँडस्टायनरनं व्हिएन्नात शतकाच्या आरंभी गट शोधून काढले तेव्हापासून ओ पेशी म्हणजे सगळ्यांना चालणाऱ्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांच्यावर ए नाही, बी नाही. मग त्यांना कुणाचं सीरम का धरेल? एकामागून एक ओ गटाच्या लोकांचं रक्त लावून बघितलं, प्रत्येक वेळी पेशी गोळा झाल्या. अशा माणसाला द्यायचं रक्त मिळालं ते अगदी तसंच दुसरं रक्त हाती लागलं तेव्हा.

भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी हे प्रकरण सोडलं नाही. नमुने लंडनला लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये गेले. तिथं रॉबर्ट रेस आणि रूथ सँगर होते, ज्यांचा रक्तगटांवरचा ग्रंथ मावशीच्या टेबलावर झिजून खिळखिळा झाला होता. तिथेच वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स होते, जे पेशींवरच्या साखरेच्या साखळ्या एकेक कडी सुटी करून वाचत होते. 3 मे 1952 च्या ‘लॅन्सेट’मध्ये या सात जणांच्या नावांनी दोन पानांचा लेख आला. तीन नावं परळची, चार लंडनची. त्यानंतर तीन वर्षांनी अमेरिकेत फिलिप लेव्हिन यांना तसंच एक कुटुंब सापडलं तेव्हा त्यांनी या प्रकाराला आमच्या शहराचं नाव दिलं: बॉम्बे. शहराचं नाव बदललं तरी जगभरच्या पुस्तकांत तेच राहिलं आहे. भाटियांनी पुढे रक्तगट संदर्भ केंद्र सांभाळलं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं 1957 मध्ये सुरू केलेलं हे केंद्र आज राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था म्हणून के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात उभं आहे.

बॉम्बे गट म्हणजे काय, हे मावशी खुंटीवरून समजावायची. प्रत्येकाच्या तांबड्या पेशीवर खुंट्या असतात, त्यांचं नाव एच. ए गटाचा माणूस त्या खुंटीवर एक वस्तू अडकवतो, बी गटाचा दुसरी, एबीवाला दोन्ही. ओ गटाच्या खुंट्या रिकाम्या राहतात, पण खुंट्या असतात. बॉम्बे गटाच्या माणसाला खुंटीच नाही. "घरात अंगरखा असेल गं, पण टांगणार कुठे?" ज्या शरीरानं एच कधी पाहिलाच नाही, त्याला एच परका, आणि ओ गटाच्या पेशी तर एचनं गच्च भरलेल्या. ज्या ओ ला आपण सगळ्यांचा दाता म्हणतो, तोच बॉम्बे गटाच्या माणसाला सर्वांत घातक. अशा माणसाला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक असा माणूस असतो, युरोपात दहा लाखांत एक, आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या पट्ट्यात हे प्रमाण इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे.

नुसत्या पेशी बघितल्या की तो ओ दिसतो. सीरम बघितलं, समोर ओ पेशी ठेवल्या, की खरं कळतं. मावशीच्या हाताखाली शिकलेल्या मुलींना तिचं एक वाक्य पाठ होतं: "पेशींनी सांगितलं ते अर्धं. सीरमला विचारलंस का?"

आत्या बॉम्बे गटाची निघाली. मावशीनं तिचं नाव केंद्राच्या वहीत लिहिलं, तिच्या हातात एक कार्ड दिलं आणि बाबांना निरोप धाडला: भावोजींनी एकदा येऊन जावं, सख्ख्या भावंडांत चारातल्या एकाची शक्यता असते. बाबा लालबागच्या गिरणीत तिसऱ्या पाळीला होते. परळ आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर. आज जातो, उद्या जातो करत सात वर्षं गेली. गिरणीच्या दवाखान्यात बाबांच्या कार्डावर ओ लिहिलेलं होतं, आणि आपल्याला काही झालेलं नाही तर सुई कशाला, असा त्यांचा साधा हिशेब होता. मला मात्र आजही ती गोष्ट टोचते. 1971 च्या त्या रात्री आत्याला चालेल असं रक्त लालबागला साच्यावर उभं होतं आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं, त्याला स्वतःलाही नाही.

1978 साली मी सातवीत होते. शाळेत आरोग्य तपासणी झाली आणि माझ्या कार्डावर ए आला. आईचा ओ, बाबांचा ओ. आमच्याकडे येणाऱ्या एका नातेवाइकाला औषधाच्या दुकानातल्या कामामुळे या विषयातलं थोडं ठाऊक होतं. त्यानं चहा पिता पिता कार्ड बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दोन ओ ना ए कसा होईल?"

पुढे तो काही बोलला नाही. बोलायची गरज नव्हती. आई त्या रात्री जेवली नाही. ती ओट्याशी पाठ करून उभी होती आणि नळ बंद करायचं तिच्या लक्षात नव्हतं. मला अर्थ कळला नाही, पण कार्डावर लिहिलेलं माझं अक्षर आईला लागलं आहे एवढं कळलं. बाबांनी तिला एक शब्दही विचारला नाही. हे मी त्यांचं मोठेपण समजते. सकाळी पाळीवरून आले, आंघोळ केली, मला म्हणाले, "चप्पल घाल. तिघंही मावशीकडे जाऊ."

त्या दिवशी मी ती प्रयोगशाळा पहिल्यांदा आतून पाहिली. चिनी मातीच्या पांढऱ्या फरशीत ओळीनं वाट्यांसारखे खळगे होते. करंगळीपेक्षा बारीक काचेच्या नळ्या, त्यांच्यावर काचेवर उठणाऱ्या पेन्सिलीनं घातलेले आकडे. मावशीनं बाबांचं रक्त काढलं, नळी बाजूला ठेवली आणि त्यांना म्हणाली, "भावोजी, आता या नळीत थुंका." बाबा संकोचले. मेव्हणीसमोर थुंकायचं! त्यांनी पाठ फिरवली तेव्हा कुठे जमलं. बहुतेकांच्या लाळेतही गटाची खूण उतरते, तशी आपल्याकडच्या बॉम्बे गटाच्या माणसाच्या लाळेत उतरत नाही, म्हणून ती नळी. तिनं ती उकळत्या पाण्यात धरली.

मग पेशी धुणं. हे मी डोळ्यांत साठवून ठेवलं आहे. रक्ताचे थेंब मिठाच्या पाण्यात टाकायचे, नळी यंत्रात गरगर फिरवायची, पेशी तळाशी बसल्या की वरचं पाणी काढून टाकायचं, पुन्हा नवं पाणी. तीनदा. तांदूळ धुताना आई जसं पाणी नितळ होईपर्यंत थांबते तशी मावशी थांबत होती. तिसऱ्यांदा तळाशी राहिला तो डाळिंबाच्या रसासारखा लाल थर. एका पेशीची रुंदी मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायची, सात-आठ भाग. आयुष्य एकशे वीस दिवसांचं. त्या थरात कोट्यवधी पेशी होत्या आणि त्या सगळ्या बाबांच्या होत्या.

फरशीवर पहिल्या खळग्यात ए ओळखणारं सीरम, दुसऱ्यात बी ओळखणारं. बाबांच्या पेशी दोन्हीकडे दुधासारख्या एकसारख्या पसरल्या. ओ. तिसऱ्या खळग्यात युलेक्स नावाच्या, युरोपातल्या पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क, जो एच ओळखतो. शेजारी तुलनेसाठी आईच्या पेशी. मावशीनं फरशी हातात घेऊन हलके हलके डोलवली. आईच्या पेशी बघता बघता रवाळ झाल्या, साजूक तूप थिजताना होतं तशा. बाबांच्या तशाच राहिल्या. मग उलटी परीक्षा: बाबांचं सीरम, समोर ओ पेशी. इथं मात्र घट्ट लाल दाणे दिसले.

मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग बाबांकडे न बघता, फरशीकडे बघत म्हणाली, "भावोजी, तुमच्याकडे अंगरखा होता. खुंटी नव्हती. आईकडून पोरीला खुंटी मिळाली."

बाबांच्या जनुकांत ए होता, पण तो त्यांच्या पेशींवर कधीच दिसला नव्हता. माझ्यात आईचा एच आला आणि बाबांचा लपलेला ए बाहेर पडला. लेव्हिन यांनी 1955 मध्ये छापलेल्या कुटुंबात नेमकं हेच होतं: ओ दिसणारी आई, ए गटाचा बाप आणि एबी गटाची मुलगी. मुलीतला बी आईचा होता, आईच्या रक्तात मात्र तो कुणाला दिसला नसता. जगात अशा किती आयांकडे कुणी वाकड्या नजरेनं बघितलं असेल, आणि त्यांच्यापाशी परळची मावशी नव्हती, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मावशीनं निकाल हातानं लिहून, सही करून दिला. आईनं तो रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवला. त्या नातेवाइकाला तिनं तो कधीच दाखवला नाही. दाखवायचा नव्हताच, असं ती नंतर म्हणाली.

निघताना मावशीनं मला थांबवलं आणि पर्समधली ती पुडी काढली. गावचे कुळीथ तिनं आदल्या दिवशीच कुटून मिठाच्या पाण्यात भिजत घातले होते आणि अर्क गाळून ठेवला होता. फिकट, जरा गढूळ पाणी. तिनं माझ्या बोटाला सुई टोचली, माझ्या पेशी धुतल्या, एक थेंब त्या पाण्यात टाकला आणि फरशी माझ्या हातात दिली. "डोलव. जोरात नको." मी डोलवली. एक मिनिट झालं नसेल, माझं रक्त दाण्या-दाण्यांनी एकत्र झालं. आत्याच्या शेतातल्या कुळथानं माझ्यातला ए ओळखला होता, जो तिच्याच भावाकडून माझ्याकडे आला होता.

मावशीच्या कामात अशा घरगुती गोष्टींपेक्षा पुष्कळ काही होतं. 1973 मध्ये मुंबईतल्याच संशोधकांनी तांबड्या पेशीवरची आणखी एक खूण शोधून काढली, तिला ‘इंडियन’ असं नाव मिळालं. त्याआधी परळमध्येच टाटा मेमोरियलच्या आवारात डॉ. वसंत खानोलकर आणि डॉ. एल. डी. संघवी यांनी मुंबईतल्या सहा समाजांची अशी आनुवंशिक लक्षणं मोजली होती. 1958 साली नागपूरहून शुक्ला आणि सोळंकी यांनी विदर्भातल्या लोकांत विळ्याच्या आकाराच्या पेशी असल्याचं दाखवलं, आणि आज गडचिरोली-चंद्रपूरच्या गावांतून सिकलसेलसाठी जे रक्त तपासलं जातं त्याची वाट तिथून निघते. या सगळ्याबद्दल मावशी भरभरून बोलायची. तरी तिच्या आवाजाला धार यायची ती एकाच विषयावर. लहान दवाखान्यांत अजून पेशी बघून गट लिहितात आणि सीरमला विचारत नाहीत. तिनं यासाठी किती पत्रं लिहिली, किती कार्यशाळा घेतल्या, मला माहीत आहे. निवृत्त झाल्यावरही कोकणातून कुणाचं लग्न, बारसं, वास्तुशांत असं आमंत्रण आलं की ती पर्समध्ये दोन नळ्या टाकून जायची.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्या न दिसणाऱ्या खुंटीचं कारण अक्षरात सापडलं. एकोणिसाव्या गुणसूत्रावर एच तयार करणारं एक जनुक आहे, त्यातलं 725 वं एकच अक्षर आपल्याकडच्या बॉम्बे गटाच्या लोकांत बदललेलं असतं, आणि लाळेसाठीचं शेजारचं जनुक तर गायबच. वेगवेगळ्या कुटुंबांत तोच एक बदल सापडतो, म्हणजे तो कुणा एका जुन्या पूर्वजाकडून उतरला असावा. मावशी तोवर निवृत्त झाली होती. तिनं तो लेख माझ्याकडून मागवून घेतला, चष्मा पुसून दोनदा वाचला आणि म्हणाली, "म्हणजे हे सगळे एकमेकांचे नातेवाईकच की गं."

1981 मध्ये आत्याची गर्भाशयाची शस्त्रक्रिया करायची ठरली. गावात नको, मुंबईतच, असं मावशीनं बजावलं. बाबांनी पंधरा दिवस आधी एक बाटली दिली. दुसरी दिली दादरला नोकरी करणाऱ्या एका माणसानं, मूळचा सावंतवाडीकडचा, मावशीच्या वहीत ज्याचं नाव आत्याच्या दोन ओळी खाली होतं. तो रक्त देऊन, बिस्कीट खाऊन, कुणी आभार मानायच्या आत ऑफिसला निघून गेला.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी आत्याला बाबांची बाटली लावली. मी दारात उभी होते. बाबा तिच्या पायाशी बसले होते, गिरणीतून तसेच आलेले, केसांत अजून कापसाचे तंतू होते. मावशी नळीतले थेंब मोजत होती, आत्याच्या कपाळाला हात लावून बघत होती. आत्या डोळे मिटून होती. तिचा उजवा हात हळूहळू सरकत कमरेखाली गेला आणि तिथंच राहिला. बाटली चार बोटं उतरली. मग अर्धी झाली. तेव्हा तिनं डोळे उघडले, भावाकडे बघितलं आणि कमरेखालचा हात काढून त्याच्या हातात दिला.

"थंडी नाय रे," ती म्हणाली.